बिनपाण्याचा रस

‘पाणी घालू नकोस हं! थेंबभरसुद्धा नको!’ सासूबाईंचा आवाज आतल्या खोलीतून आला आणि त्याच वेळी मिक्सरमधून धूर निघाला.

आधी घर्रर्र झालं, मग घुसमटल्यासारखं काहीतरी आणि मग वास. जळकी तार आणि ओलं गवत यांचा मिळून एक. मी बटण बंद करून झाकण काढलं. पात्याभोवती हिरव्या केसांचा गुंता आवळून बसला होता. रस म्हणावा असं काही नव्हतं. भांड्याच्या कडेला चार हिरवे शिंतोडे उडाले होते, तेवढेच.

‘झाला का?’ आतून विचारणा.

‘मिक्सर झाला,’ मी म्हटलं. ‘रस व्हायचाय.’

मुकुंद अर्ध्या दाढीचा फेस तसाच घेऊन मोरीतून आला. ‘काय जळलं?’

‘माझ्या भावाचा आहेर.’

‘पाणी नाही घातलंस?’

‘तुमच्या आईंना विचारा.’

तो विचारायला गेला नाही. फेस पुसत परत मोरीत गेला. आईचं आणि माझं काही असलं, की मुकुंदला हमखास मोरीत काम निघायचं.

मिरजेत तेव्हा आमची दोन खोल्यांची जागा होती, पहिल्या मजल्यावर, पुढे लांबट गॅलरी. मुकुंद पाटबंधारे खात्यात होता. लग्नाला काही वर्षं झाली होती, पण सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या त्या नुकत्याच. त्याआधी त्या कुरुंदवाडला आपल्या नणंदेकडे, म्हणजे मुकुंदच्या चंपूआत्याकडे असायच्या. आमच्या लग्नाला दोघी आल्या नव्हत्या. येतील असं कुणाला वाटलंही नव्हतं. मुकुंद भिक्षुकी करणाऱ्या घरातला आणि मी शालन, इस्लामपूरच्या परटाची मुलगी. वडिलांचं लाँड्रीचं दुकान होतं. मॅट्रिकनंतर शाळा सुटली. पुढचं जे काही शिकले ते रद्दीतली मासिकं वाचून आणि हात भाजून घेऊन.

सासूबाई कुरुंदवाडला अंगणात घसरल्या आणि उजवा हात मनगटात मोडला. चंपूआत्याच्या स्वतःच्या गुडघ्यांची बोंब. ती म्हणाली, आता मुलानं बघावं. मुकुंद जाऊन घेऊन आला. रिक्षातून उतरल्या तेव्हा त्यांचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला, आणि डाव्या हातात तांब्याची कळशी. कळशी त्यांनी कुणाला धरू दिली नाही. मी समजायचं ते समजले.

माझ्या हातचं पाणी त्यांना चालत नव्हतं. पाणी नाही म्हणजे भात नाही, वरण नाही, चहा नाही. भांडण म्हणाल तर नव्हतं. टोचून बोलायचा त्यांचा स्वभावच नव्हता. ‘तुझं तुझ्या जागी, माझं माझ्या जागी,’ असं पहिल्याच दिवशी सांगून त्या मोकळ्या झाल्या. सकाळी मुकुंद आंघोळ करून ओलेत्यानं त्यांची कळशी भरायचा आणि वेगळ्या स्टोव्हवर त्यांचा भात टाकायचा. पाकिटाला तिकीट चिकटवावं असा तो भात. त्या मुकाट्यानं दोन घास गिळायच्या. कालव्याला पाणी सुटलं की मुकुंद जतकडे दौऱ्यावर जायचा, मग तेवढंही नाही. केळी, संत्री, ओल्या शेंगा. ज्याला साल आहे ते माझ्या हातचं चालायचं. पण शेंग मी फोडलेली चालायची नाही. त्या डाव्या हातानं दातात धरून फोडायच्या. पलीकडे माझी आमटी उकळत असायची आणि माझ्याच घरात एक म्हातारी बाई शेंगेशी झटत बसलेली असायची. गालफडं आत चालली होती. उठताना भिंत धरायला लागल्या होत्या.

कधीकधी मला हसू यायचं. माझ्या आजीचं, पणजीचं सगळं आयुष्य कृष्णेच्या पाण्यात गुडघाभर उभं राहण्यात गेलं. गावातल्या सगळ्या जातींचे कपडे त्यांच्या हातून निघाले, पूजेचे पंचे आणि बाळंतिणीची लुगडी एकाच दगडावर. पाण्याशी इतकी ओळख असलेलं घराणं माझं, आणि माझ्याच हातचं पाणी नको.

हसू यायचं म्हणजे ते काही खरं हसू नव्हतं.

मला त्यांना वाकवायचं नव्हतं. मनात एकच होतं. या बाईनं कधीतरी माझ्याकडे पाणी मागावं. मी पुढे केलं म्हणून नाही, की घशाला कोरड पडली म्हणूनही नाही. आपण होऊन मागावं.

अशात एके दिवशी मुकुंद त्यांना बापट वैद्यांकडे घेऊन गेला. तो बाहेर स्कूटरपाशी थांबला, त्या आत जाऊन आल्या. त्यांना जिन्यापाशी सोडून तो तसाच कचेरीत गेला. त्या वर येऊन खुर्चीत बसल्या, दम खाल्ला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगावं तसं म्हणाल्या, ‘गव्हांकुराचा रस घ्यायचाय. वैद्यांनी सांगितलंय. सकाळी अनशापोटी.’

‘तो मिळतो हल्ली बागेपाशी. बघू का?’

‘बागेपाशी? कुणाच्या हातचा असेल कुणास ठाऊक.’

म्हणजे आता बागेपाशी त्यांना चालेल असा माणूस शोधायचा तरी कुठून.

‘घरी लावता येतात,’ त्या म्हणाल्या. ‘नवरात्रात घटाशी धान्य उगवतं की नाही, तसेच. फक्त कापायचे आणि रस काढायचा.’

‘कोण लावणार?’

त्यांनी प्लॅस्टरचा हात जरासा उचलून दाखवला.

‘मग त्यांना सांगते. लावतील.’

‘मुकुंदाला? त्याच्या हातून भात होत नाही, गवत काय होणार!’

आमच्या घरात आता तिसरं माणूस उरलं होतं ते मी.

‘आई,’ मी म्हटलं, ‘गहू भिजवावे लागतील. पाण्यात.’

‘भिजव की.’

‘माझ्या हातानं?’

‘मातीत गेलं की पाणी मातीचं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘पाऊस काय सोवळं नेसून पडतो? आपण गहू घेतो तेव्हा शेताला पाणी कुणी पाजलं, विचारतो का? आणि शिजवायचं नाही. कच्च्याला दोष नाही. फक्त रस काढताना पाणी लावायचं नाही. पाणी लागलं की ओवळं. आणि हे तर औषध. औषधाला मुळातच दोष नाही.’

हे सगळं त्या भराभर, कुठेही न अडखळता बोलल्या. घोकून आलेल्या मुलीनं परीक्षेला बसावं तशा. मला वाटलं, वैद्यांकडून येताना रिक्षात बसून केलेली तयारी असेल. रिक्षा नव्हतीच, स्कूटर होती, हे त्या वेळी ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बियाण्याच्या दुकानात गेले. तिथले गहू गुलाबी औषध चोळलेले. दुकानदार म्हणाला, ‘ताई, हे खायला नाही, पेरायला.’ म्हणून घरातलेच दळणातले लोकवन काढले, निवडले, भिजवले. तासगावच्या बेदाण्याची चपटी खोकी आणली, आत प्लॅस्टिक घातलं, तळाला भोकं पाडली. माती आणली, गवळ्याकडून जुनं शेणखत आणलं. आणि पहिल्या खेपेला सगळं कुजवलं. पाणी जास्त झालं होतं. पांढरी लव आली, तिच्यावर काळे ठिपके. मला वाटलं होतं की पाणी म्हटल्यावर आपल्याला काय शिकायचंय!

सासूबाई बघून गेल्या.

दुसऱ्या खेपेला उंच आले, पण पिवळे. खोक्यांवर वर्तमानपत्र झाकलं होतं ते उचलायला उशीर झाला होता. घटाचे चालतात पिवळे, त्याचं तर कौतुकच असतं. यांना हिरवे हवेत. मग मी ध्यान देऊन बघायला लागले. गहू फार वेळ भिजले तर आंबूस वास येतो. मोड टाचणीच्या डोक्याएवढा दिसला की पसरायचे, एकावर एक नको. पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं, कपड्याला इस्त्री करताना शिंपडतो तेवढंच. ते मात्र माझ्या हातातच होतं. वडील ओंजळीतून पाणी झटकायचे ते एकसारखं पडायचं, धुक्यासारखं. मी तसंच झटकलं आणि तिसऱ्या खेपेला गहू उठले.

काय सांगू! खोक्यात हिरवी मखमल अंथरावी तसे. दाट, एका उंचीचे. वाऱ्यानं सगळे एका बाजूला कलायचे आणि परत सरळ व्हायचे. सकाळी प्रत्येक पात्याच्या टोकाला पाण्याचा मणी. मी उगाचच त्यावरून तळहात फिरवायची. रोज एक खोकं कापायला यावं म्हणून रोज एक पेरलं आणि चुकामूक नको म्हणून खोक्यांवर वार लिहिले. सोमवार, मंगळवार, असे. गॅलरीत माझा अख्खा आठवडा उगवून उभा राहिला.

आणि पहिला सोमवार कापला त्या दिवशी मिक्सर जळला.

खलबत्ता काढला. पाणी न घालता गवत कुटायचं म्हणजे काय असतं ते कुटल्याशिवाय कळत नाही. आधी ते नुसतं बत्त्याला चिकटतं, मग तंतू होतात, मग कुठं ओल सुटते. हात भरून आले तेव्हा लिंबाएवढा हिरवा गोळा झाला. तो पिळायला मी मलमलचं फडकं घेतलं. नवीन, माझ्या हातानं धुतलेलं, कडक वाळवलेलं. पांढरं कसं असावं ते आमच्या घरात शिकावं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी फडक्याकडे बघितलं.

‘पाण्यातून निघालंय ते,’ त्या म्हणाल्या.

‘कापड आहे आई. पाण्यातून निघणारच.’

त्या आत गेल्या. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आल्या तेव्हा हातात डाळिंबी रंगाचा, पूजेला नेसायचा रेशमी कद होता. सासऱ्यांचा. मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, पण फोटोत तोच कद होता. सासूबाईंनी त्याचं टोक दातात धरलं, डाव्या हातानं ओढलं आणि टर्रकन फाडलं.

‘आई! अहो, हा त्यांचा...’

‘त्यांना आता कुठं नेसायचाय!’ तोंडातला धागा काढत त्या म्हणाल्या. ‘रेशमाला विटाळ नसतो. घे.’

रेशमातून रस पिळला. गडद, जवळजवळ काळपट हिरवा. पाव वाटी निघाला असेल. त्यांचं चांदीचं भांडं त्यांनी जमिनीवर ठेवलं. मी वरून धार धरली, भांड्याला भांडं लागू न देता. त्यांनी उचलून एका दमात घेतला आणि डोळे मिटले. चेहऱ्यावर काय काय होऊन गेलं.

‘कसा आहे?’

‘गाईचं कौतुक वाटतं,’ त्या म्हणाल्या.

आम्ही दोघी हसलो. एकाच गोष्टीला एकाच वेळी हसलो, ते पहिल्यांदा.

मग रोजचंच झालं ते. कापणं, कुटणं, पिळणं. हाताला फोड आले, फुटले, घट्टे झाले. गवताचा वास बोटांतून जाईना. मुकुंद एक दिवस बघत उभा राहिला, मग खलबत्त्यापाशी उकिडवा बसून हळू आवाजात म्हणाला, ‘चमचाभर पाणी घाल की. कसा सुटसुटीत होईल. तिला काय कळणार?’

‘मला कळेल ना.’

‘अगं, पण तिच्याच भल्याचं...’

‘अहो, माझं पाणी मी चोरून पाजू? चोरून पाजण्यासारखं काय आहे त्यात?’

तो उठला. मला वाटलं मोरीत जाणार. पण त्यानं माझ्या हातातला बत्ता काढून घेतला आणि स्वतः कुटायला लागला. वेडंवाकडं, अर्धं गवत खाली सांडत. तरी कुटत होता.

सासूबाई हळूहळू गॅलरीत येऊन बसायला लागल्या. रसानं ताकद आली असं मी म्हणणार नाही, पाव वाटी गवतात ताकद ती किती असणार? पण रस घेतला की भूक लागते म्हणायच्या आणि मुकुंदचा तो खळीसारखा भातही दोन घास जास्त जायचा. खुर्ची टाकून खोक्यांवर लक्ष ठेवायच्या.

‘अगं, तुझा गुरुवार वाकलाय.’

‘पाणी जास्त झालं असेल.’

‘आणि शनिवारला ऊन लागतंय. सरकव आत.’

खालून जाणारी एखादी बाई मान वर करून थांबायची. ‘काय लावलंय हो आजी?’ की सासूबाई ताठ व्हायच्या. ‘गव्हांकुर आहेत. या, वर येऊन बघा. असे तुम्हाला बागेपाशी नाही मिळायचे. एकाला बुरशी दाखवा!’ आणि बायका वर यायच्या, हात फिरवून बघायच्या, ‘कसे लावले’ विचारायच्या. सासूबाई सगळं सांगायच्या. भिजवणं, मोड, झाकणं, शिंपडणं. बरोब्बर माझ्याच शब्दांत. मी लावलेत एवढं मात्र त्यांच्या तोंडून निघायचं नाही. मी आत पोळ्या लाटता लाटता ऐकायची. राग यायला हवा होता. पण खरं सांगते, माझी मान लाटण्यावरही ताठ व्हायची.

रेशमाच्या तुकड्यावर हिरवे डाग बसले. एकदा त्यांनीच विचारलं, ‘हे निघत नाहीत का गं?’

‘रिठ्यात निघतील. पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं आणि सावलीत वाळवायचं.’

‘तुला काय काय येतं,’ त्या म्हणाल्या, आणि तो तुकडा माझ्यापुढे धरला. जमिनीवर ठेवला नाही, धरला. माझी बोटं त्यांच्या बोटांना लागली. त्यांनी हात मागे घेतला, पण सावकाश.

पाणी मात्र कळशीतलंच. मी मागेही लागले नाही आणि आशाही सोडली नाही. वीसेक वर्षं होऊन गेली त्याला, पण अजूनही विचार करते की ते असंच चालू राहिलं असतं, तर किती दिवस राहिलं असतं. चंपूआत्या आली म्हणून ते संपलं.

तो रविवार होता. प्लॅस्टर निघायचं होतं, हाड जुळत आलं होतं. मुकुंद भाजी आणायला गेला होता. मी नुकताच रस पिळला होता, तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला. चंपूआत्या. नऊवारी, कपाळाला आठी, खांद्याला पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकची बाटली. दारात पाय ठेवला आणि आधी बाटलीच काढली. ‘घरचं आणलंय बाई पाणी. बाहेर कुठं म्हणून भरवसा नाही.’ हे माझ्याकडे न बघता.

मी वाकून नमस्कार केला. ‘असू दे, असू दे,’ म्हणत तिनं पदर आवरून घेतला.

‘बसा वन्सं,’ सासूबाई म्हणाल्या. नणंद समोर आली की त्यांचा आवाज अर्धा व्हायचा, हे मला त्या दिवशी कळलं. ‘गुडघा कसा आहे?’

‘आहे तसाच. तुमचा हात?’

‘जुळतोय.’

हातातल्या रसाचं काय करावं मला सुचेना. रस ठेवला की काळा पडतो, वाया जातो. मी रोजच्यासारखं पुढे झाले. जमिनीवरच्या चांदीच्या भांड्यात वरून धार धरली.

चंपूआत्या बघत होती.

‘हे काय ओततेय ही?’

‘रस आहे वन्सं. गव्हांकुराचा.’

‘हिच्या हातचा?’

‘पाणी नाही त्यात,’ सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या. ‘थेंब नाही. रेशमातून गाळते ती. आणि औषध आहे. बापट वैद्यांनी सांगितलंय.’

चंपूआत्यानं बाटलीचं झाकण लावलं. सावकाश, फिरवून फिरवून.

‘मी आत्ता त्यांच्याकडूनच येतेय वहिनी. घरी गाठलं त्यांना, गुडघा दाखवायला. तुमची चौकशी केली त्यांनी. म्हणाले, मऊ भात आणि मुगाचं वरण सांगितलं होतं, जातं ना पोटात? मी म्हटलं, आणि औषध? तर म्हणाले, औषध कशाला, हाड आपलं आपण जुळतं, बाईंना चार घास पोटभर जेवायला सांगा, उपाशी आहेत त्या. गव्हाचं नाही, गवताचं नाही, कशाचं नाव काढलं नाही त्यांनी.’

गॅलरीत एक चिमणी खोक्यावर बसून माती उकरत होती. एरवी मी तिला हाकललं असतं.

सासूबाई भांड्याकडे बघत होत्या. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, लहान मुलीसारख्या. मी त्यांच्याकडे बघत होते आणि ती भराभर म्हटलेली उत्तरं मला एकेक करून आठवत होती. मातीचं पाणी. पावसाचं सोवळं. कच्च्याला दोष नाही. वैद्यांनी मऊ भात सांगितला होता. मऊ भात माझ्या गॅसवर रोज शिजत होता, चार पावलांवर. तो मागता येत नव्हता, म्हणून या बाईनं गवत मागितलं होतं. माझ्या हातून तिच्या तोंडात जाईल असं सगळ्या शास्त्रांतून शोधून शोधून तिला तेवढंच सापडलं होतं. आणि त्यासाठी नवऱ्याचा कद फाडला होता.

‘म्हणजे तुम्ही खोटं बोललात?’ चंपूआत्या म्हणाली.

‘हो.’

‘कशासाठी? हे असलं, जनावरांचं प्यायला?’

सासूबाईंनी भांडं जरासं आपल्याकडे ओढून घेतलं.

‘मला कळत नाही का वहिनी? आज बिनपाण्याचा रस, उद्या पाण्याचा चहा. दादा असता तर...’ तिनं नाक पुसलं. ‘झालं ते झालं. आवरा तुमचं. हात जुळलाच आहे. दुपारच्या एस्टीनं चला माझ्याबरोबर. ती कळशी घ्या. हे असंच राहू दे इथं.’

‘हे’ म्हणजे मी होते, की रस, की गॅलरीतला सगळा आठवडा, कोण जाणे. मी रिकामं पातेलं हातात धरून उभी होते. बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. पण माझं बोलणं तिथं कामाचं नव्हतं. जायचं की राहायचं, हे मी सांगून होणार नव्हतं.

सासूबाईंनी डाव्या हातानं भांडं उचललं. मला वाटलं आता मोरीत ओततात. त्यांनी ओठाला लावलं, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

‘फार उग्र झालाय गं आज,’ त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या. ‘जरा पाणी घाल यात.’

मला कळलं नाही. म्हणजे शब्द कळले, पण विश्वास बसायला तयार नव्हता.

‘कळशीतलं आणू?’

‘कळशीतलं कशाला? ते मुकुंदानं भरलंय.’ आवाज आता अर्धा नव्हता. ‘तुझ्या पिंपातलं आण. तू भरलेलं.’

‘वहिनी!’ चंपूआत्या म्हणाली.

मी स्वयंपाकघरात गेले. पळाले नाही, चालत गेले. पिंपावरचं झाकण काढलं. पितळेचा तांब्या घेतला, माझ्या आईनं लग्नात दिलेला, रोज घासून लख्ख ठेवलेला. बुडवून भरला. बाहेर आले तेव्हा सासूबाईंनी भांडं जमिनीवर ठेवलं नव्हतं. हातात धरून माझ्यापुढे केलं होतं. प्लॅस्टरच्या हाताची बोटं खालून टेकवून, दोन्ही हातांनी.

मी तांब्या कलता केला. पहिली धार रसात पडली आणि तो काळपट हिरवा फुटून पोपटी झाला. आमच्याकडे वाढणाऱ्यानं आपण होऊन थांबायचं नसतं. घेणारा पुरे म्हणेल तेव्हा थांबायचं. मी सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होते, त्या पुरे कधी म्हणतात म्हणून. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. नणंदेच्या डोळ्यांत डोळे घालून, मान ताठ करून बसल्या होत्या, गॅलरीत बायकांना गव्हांकुर दाखवताना बसायच्या तशा. पाणी अर्ध्यावर आलं, वर आलं, काठाशी आलं. त्यांच्या बोटांवर आलं, प्लॅस्टरवरून घरंगळलं.

‘अहो, पुरे म्हणा ना वहिनी!’ चंपूआत्या ओरडली. ‘सांडतंय!’

सासूबाई पुरे म्हणाल्या नाहीत. मी ओतत राहिले.